विद्रोह दिसून येतो (५ गुण)

मराठी साहित्यात एम.ए. करताना दलित कविता तोंडपाठ होते. कविता म्हणजे कवितेच्या ओळी नव्हेत, तिची वैशिष्ट्ये. विद्रोह, नकार, वेदना, बोलीभाषेचा वापर, प्रस्थापित सौंदर्यमूल्यांना धक्का. पाच वैशिष्ट्ये, पाच गुण. प्रत्येक वैशिष्ट्यापुढे एकच ठरलेले क्रियापद: 'दिसून येते'. विद्रोह दिसून येतो, वेदना दिसून येते. कुणाला दिसून येते? हा विद्रोह कुणाविरुद्धचा? गाईडमध्ये ते नाही. वर्गात उतरवून दिलेल्या टिपणांतही नाही. आणि उत्तरपत्रिकेत आम्ही स्वतःहून लिहिले तर गुण वाढत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही म्हणजे माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत राहणारी सात मुले-मुली. तिघे मराठीचे, एक इतिहासाची, बाकीचे कॉमर्स आणि आयटीआयवाले. रविवारी संध्याकाळी एकत्र बसून वाचतो. हा लेख सातही जणांनी मिळून, खरे तर भांडून लिहिला आहे. एका मुद्द्यावर अजूनही आमचे एकमत नाही; तो पुढे येईल.

निमित्त झाले एका तोंडी परीक्षेचे. आमच्यातल्या एकाने समोर 'गोलपिठा'वर बोलायला घेतले. परीक्षकांनी मध्येच विचारले, "विद्रोह वगळला तर यात कविता म्हणून काय उरतं?" पोराने पाठ केलेले उत्तर दिले. मग प्रश्न आला, "राहता कुठे?" "माहुल." परीक्षक हसून म्हणाले, "मग तुम्हाला यातलं सगळं कळतच असेल." झाली परीक्षा.

ही दोन वाक्ये जरा शेजारी ठेवून पाहा. पहिले सांगते, यात कविता नाही. दुसरे सांगते, यात जे काही आहे ते कळायला तुमच्यासारख्या ठिकाणी राहावे लागते. म्हणजे ज्यांच्यासाठी कविता असते त्यांना यात कविता सापडत नाही, आणि ज्यांना यातले कळते त्यांच्यासाठी ती कविता नसते, राहण्याचा दाखला असतो. मधल्यामध्ये वाचण्याचे काम कुणाच्याच अंगावर येत नाही. ज्ञानेश्वरी समजायला आळंदीत घर लागत नाही, मर्ढेकर कळायला कुणी पत्ता विचारत नाही. पत्ता आम्हालाच का विचारला जातो?

परीक्षकांचे नाव आम्ही लिहीत नाही. स्वभावाने बरा माणूस आहे. हा एका माणसाचा दोष असता तर लेख लिहायची गरज नव्हती.

आमच्या वस्तीत वाचनाची सुरुवात कवितेने होत नाही, नोटिशीने होते. आम्ही मूळचे माहुलचे नाही. कुणी तानसा पाइपलाइनच्या कडेचे, कुणी नाल्याच्या काठचे, कुणी रुंद झालेल्या रस्त्याखाली गेलेल्या वस्तीतले. त्या जुन्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी दारावर कागद चिकटवलेला सापडायचा आणि गल्लीतल्या वाचता येणाऱ्या पोराला हाक पडायची. तिसरी-चौथीतले पोर बायाबापड्यांच्या घोळक्यात उभे राहून अडखळत वाचायचे: पात्र, अपात्र, निष्कासन, १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा. ज्या तारखेचा पुरावा मागितला आहे त्या तारखेला ते पोर जन्मलेलेही नसायचे. आमच्यातले चौघे असेच वाचक झाले. बालभारतीच्या आधी नोटीस.

पुढे व्याकरणाच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद शिकलो तेव्हा त्या कागदांचा खरा अर्थ उलगडला. 'आपले बांधकाम निष्कासित करण्यात येईल.' कोण करणार? 'पुनर्वसन करण्यात आले आहे.' कुणी केले, कुणाला विचारून? आणि शेवटी: 'सामान न हलविल्यास होणाऱ्या नुकसानीस हे कार्यालय जबाबदार राहणार नाही.' अख्ख्या कागदात कर्ता एकदाच उगवतो, तोही अंग झटकायला. आम्हाला जो शब्द चिकटला तोही तसाच: प्रकल्पग्रस्त. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त. जणू प्रकल्पही आभाळातूनच पडतो.

आता परत त्या प्रश्नाकडे. विद्रोह वगळला तर काय उरते? आमचे म्हणणे असे की प्रश्नच उलटा आहे. ढसाळांची, दया पवारांची, हिरा बनसोडेंची कविता आम्हाला धरून ठेवते ती आवाज चढला म्हणून नाही. आवाज तर टीव्हीवरही चढलेला असतो. ती धरून ठेवते कारण तिच्यात कर्ता परत येतो. ज्याने मारले तो, जो मार खातो तो, जो खिडकीतून पाहत राहिला तो, सगळे आपापल्या जागी उभे असतात. विद्रोह म्हणून जे 'दिसून येते' ते मुळात हे वाक्य पुरे करण्याचे काम आहे. ते वगळा आणि मग कविता शोधा म्हणणे, म्हणजे क्रियापद काढून घ्यायचे आणि वाक्य का चालत नाही म्हणून विचारायचे.

हे फक्त कवितेपुरते नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना'त आला. महाराष्ट्रभर गदारोळ झाला तो राष्ट्रध्वजाबद्दलच्या शब्दांवरून. त्या लेखाचा कणा मात्र एक साधी तुलना होती: दलित बाईची विटंबना करणाऱ्याला होणारा दंड आणि ध्वजाचा अपमान करणाऱ्याला होणारा दंड. दोन आकडे. त्या आकड्यांबद्दल किती लोक संतापले? बहुतेकांनी शब्द वाचला, वाक्य वाचले नाही. पन्नास वर्षे होऊन गेली, आमच्या वर्गात तो लेख 'वादग्रस्त' या एका विशेषणात आटोपतो.

किंवा घाटकोपर घ्या. ११ जुलै १९९७, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले, आणि 'गोळीबारात १० जण ठार झाले.' हे वाक्य असेच लिहिले जाते. गोळीबार झाला, जसा पाऊस झाला. गोळ्या राज्य राखीव पोलीस दलाच्या बंदुकांतून सुटल्या, हे वाक्यात आणायला वेगळे कष्ट घ्यावे लागतात. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. गाणाऱ्या माणसाला ते अपुरे वाक्य सोसले नाही, असे आम्ही त्याचे वाचन करतो. कुणी म्हणेल, हे फार भावुक वाचन झाले. असेल. पण शाहिरीवरच्या आमच्या प्रकरणात पोवाड्याचे प्रकार आहेत, डफ-तुणतुण्याचे वर्णन आहे, आणि घोगऱ्यांचे नाव नाही.

त्याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडीत अण्णा भाऊ साठे राहिले. शाळा दीड दिवसाची. मुंबईत पाट्या आणि पोस्टरे वाचत अक्षर पक्के केले, असे सांगतात. म्हणजे रस्त्यावरचा कागद वाचून वाचक होणारी आमची पिढी काही पहिली नव्हे. १९५८ ला दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाचे भाषण त्यांचे होते, आणि 'फकिरा' त्यांनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. चिरागनगर आमच्यापासून बसच्या अंतरावर आहे. वर्गात मात्र अण्णा भाऊ इतक्या दुरून शिकवले जातात की ते कुठल्या तरी दुसऱ्या ग्रहावर झोपडी बांधून राहत होते असे वाटावे.

कविता वाचून गॅसचा वास थांबतो का, असे आम्हाला घरचे विचारतात. रास्त प्रश्न आहे. माहुल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, खत कारखाना, दुसऱ्या बाजूला खाडी आणि जुना कोळीवाडा, मध्ये ७२ इमारती, सुमारे १७ हजार घरे, प्रत्येकी २२५ चौरस फूट. वसाहतीच्या एका भागाचे नाव एव्हरस्माईल आहे. उपरोध शिकायला आम्हाला वेगळा पेपर लागला नाही. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या जुन्या रहिवाशांच्या अर्जावर सांगून टाकले होते की इथली हवा माणसांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतरही, २०१७ मध्ये, तानसा पाइपलाइनवरच्या हजारो कुटुंबांना याच हवेत आणून ठेवले गेले. लोक गप्प बसले नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरपासून विद्याविहारला, जिथली घरे पाडली गेली तिथेच, बाया-पुरुष रस्त्याच्या कडेला महिनोन्महिने बसून राहिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला बजावले की माहुलला राहायला कुणावर जबरदस्ती करता येणार नाही. दुसरे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. आणि २०२५ मध्ये? महापालिकेने इथली रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, आणि कर्मचाऱ्यांनी बहुतांशी पाठ फिरवली. हवा सगळ्यांनाच कळते. फक्त नकार देण्याची सोय सगळ्यांना नसते.

या सगळ्यात कवितेचा संबंध काय, तर हा: ते निकाल इंग्रजीत होते. आमच्यातल्या दोघींनी जिन्यात बसून ते वाक्यावाक्याने मराठीत सांगितले, आणि खाली बसलेल्या मावश्या प्रत्येक वाक्याला अडवत होत्या. "धोका आहे म्हणतात, मग कुणामुळे ते लिहिलंय का?" "घर देऊ म्हणजे कोण देणार? किती दिवसांत?" साहित्याच्या कोणत्याही चर्चासत्रात आम्ही इतके बारीक वाचन पाहिलेले नाही. यातल्या एकीलाही दलित कवितेची पाच वैशिष्ट्ये माहीत नाहीत. पण ज्याला कर्ता हवा असतो तो कागद सोडत नाही, मग तो निकाल असो की कविता. वास काही थांबला नाही. कागदाला घाबरणे मात्र थांबले.

'या कवितेतले शब्द कळत नाहीत' ही दुसरी तक्रार. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा विजय तेंडुलकरांनाही ते कळत नव्हते. त्यांनी काय केले? कवीला अर्थ विचारले, त्याच्याबरोबर ती वस्ती पायाखाली घातली, आणि हे जग आपल्याला ठाऊक नव्हते हे प्रस्तावनेत लपवले नाही. मराठी रंगभूमीवरचा एवढा मोठा नाटककार विद्यार्थी होऊन बसला. आता २०२५ पाहा. ढसाळांच्या कवितेवर उभ्या असलेल्या 'चल हल्ला बोल' या चित्रपटाला प्रमाणपत्र देताना सेन्सॉरकडून त्या कवितांवर आक्षेप आल्याच्या आणि ढसाळ कोण असे विचारले गेल्याच्या बातम्या आल्या. पन्नास वर्षांपूर्वी न कळणाऱ्याने शब्दाचा अर्थ विचारला. आज न कळणारा कवीची ओळखपत्रे मागतो. अडाणीपण तेव्हाही होते, त्याला तेव्हा लाज होती.

अभ्यासक्रमाचे काय सांगावे? २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी एका विद्यार्थी संघटनेच्या तक्रारीवरून काढली. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित लेखिका गेल्या, बरोबर महाश्वेतादेवींची 'द्रौपदी'ही गेली. पण आमच्या मते काढून टाकण्यापेक्षा जास्त नुकसान ठेवून घेण्याने होते. काढलेले पुस्तक माणूस शोधून वाचतो. ठेवलेल्या पुस्तकाचे पाच गुण होतात आणि 'तेव्हा समाजात विषमता होती' असा भूतकाळ त्याला चिकटवला जातो. जोतिरावांनी हे फार आधी ओळखले होते. १८८५ मध्ये रानड्यांच्या ग्रंथकार सभेने बोलावले तेव्हा ते गेले नाहीत, पत्र पाठवून का येत नाही ते सांगितले. गंमत अशी की ते पत्र आज साहित्याच्या इतिहासात मानाने छापले जाते, 'परखड' या विशेषणासह.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. दुसऱ्यांची उणीदुणी काढायला आमच्यात एकमत लगेच झाले.

आपल्या चळवळीला पुस्तकाची किंमत कळत नाही असे म्हणणाऱ्याने ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात यावे. लोक भाकरी बांधून आणतात आणि पुस्तके बांधून नेतात. १९८८ साली 'रिडल्स'च्या परिशिष्टासाठी याच मुंबईत लाखो लोक रस्त्यावर उतरले. एका ग्रंथाचे एक परिशिष्ट छापले जावे म्हणून एवढी माणसे चालली, हे जगात कुठे झाले असेल? आमचे आजी-आजोबा त्यात होते. काहींना वाचता येत नव्हते.

पण नेलेली पुस्तके आम्ही काय करतो? आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच घरांत खंड आहेत, काचेच्या कपाटात, प्लास्टिकचे वेष्टणही न काढलेले. त्यांना हार घालतात. आणि वाचायला बसलोच तर काय होते ते सांगायला हवे. तीन महिन्यांपूर्वी आम्ही ढसाळ वाचत होतो. इतिहासवालीने विचारले, इतका मोठा विद्रोही कवी आणीबाणीच्या बाजूने कसा उभा राहिला, पुढे शिवसेनेच्या जवळ कसा गेला? आणि मल्लिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिले, ते आपण या कवितांच्या शेजारी ठेवून का वाचत नाही?

आमच्यात बसलेले एक काका, पँथरच्या मोर्च्यांत लाठ्या खाल्लेले, म्हणाले, "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत पोरी. आधीच टपून बसलेत लोक."

ती म्हणाली, "मग काका, त्या बाईंनी कुठे सांगायचं होतं?"

काका गप्प झाले. आम्हीही गप्प बसलो. आमच्यातला एकही तिच्या बाजूने बोलला नाही. ती पुढचे दोन रविवार आली नाही. आम्ही एकमेकांना सांगत राहिलो की तिची परीक्षा असेल.

आमच्या मतभेदाची जागा ही. दोघांना अजून वाटते की काकांची भीती खरी आहे: आपल्या कवीवरचा प्रश्न उद्या दुसरे कुणी हत्यार म्हणून वापरेल. वापरतीलच. उरलेल्या पाचांचे म्हणणे असे की मग आपण परीक्षकांहून वेगळे काय केले? त्यांनी कवितेतून विद्रोह वगळायला सांगितला, आपण विद्रोहातून एक बाई वगळली. तिथेही वाक्यातला कर्ता आम्हीच खाल्ला. 'संसारात ओढाताण झाली.' कुणी केली? बाबासाहेबांनी ज्या बुद्धाला आपले सर्वस्व मानले, त्याच्यावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी परंपरेने सांगितलेल्या गोष्टींवर चार प्रश्न उभे केले आहेत. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा त्यांना पटली नाही, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का असे त्यांनी विचारले. आपल्या धम्माला चार प्रश्न विचारणाऱ्याचे अनुयायी एका कवीला दोन प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सांभाळू शकले नाहीत.

आम्ही तिच्या घरी गेलो. माफी मागितली म्हणण्यापेक्षा ओशाळून चहा प्यायलो.

राहिला जागेचा प्रश्न. २२५ चौरस फुटांत सहा माणसे, एक टीव्ही आणि एक ट्यूबलाइट. बाबासाहेबही परळच्या चाळीत असेच राहिले, हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते, बहुधा आम्ही तक्रार करू नये म्हणून. पण त्याच चरित्रात हेही आहे की शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत, तिथे त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले, आणि १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवले. म्हणजे बसायला बाग होती आणि बसलेल्या पोराची चौकशी करणारा माणूस होता. पुढे दादरला घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी राजगृह बांधले ते पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून.

आमच्या तळमजल्यावर एक खोली बंद आहे. नकाशात ती रहिवाशांच्या सामाईक उपयोगासाठी दाखवलेली आहे. आत मोडके पाइप आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत. ती वाचनालयासाठी द्या असा अर्ज आम्ही केला. मुद्दाम साध्या वाक्यांत लिहिला: आम्ही खोली साफ करू. आम्ही रंग देऊ. आम्ही दिव्याचे बिल भरू. तुम्ही किल्ली द्या. कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही. कर्ता शोधा म्हणून एवढे सांगून आम्हीच नाव गाळतो आहोत, हे आमच्या लक्षात आले आहे, आणि त्यावरही भांडण झाले. पण आम्हाला खोली हवी आहे.

सात आठवड्यांनी उत्तर आले. 'आपला अर्ज प्राप्त झाला असून त्यावर नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'

तोवर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसतो. लिफ्ट बंद असते, त्यामुळे येणारी-जाणारी माणसे आमच्यामधून पाय टाकत जातात, काही जण दोन पाने ऐकून जातात. वास वाढला की आत जातो. येत्या रविवारी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आहे. पहिली पाने इतिहासवाली वाचणार. काकांना सांगितले. ते म्हणाले, येतो, पण मी बोलणार. आम्ही म्हटले, या की.